दोन पट्ट्यांमधली लाट

तंबोरा लावताना जोडीच्या दोन तारा जवळजवळ एका सुरात आल्या की त्यांचा आवाज लाटेसारखा कमीजास्त होऊ लागतो. ही लाट मंदावत पूर्ण विरेपर्यंत मणी सरकवत राहायचे, एवढे तर नवशिक्यालाही ठाऊक असते. इंडोनेशियातल्या बाली बेटावर मात्र गामेलान या वाद्यमेळाचा कारागीर हीच लाट मुद्दाम घडवतो. तिथले लोक तिला ‘ओम्बाक’, म्हणजे लाटच, म्हणतात. ती नसलेले वाद्य त्यांना निर्जीव वाटते.

बालीच्या गामेलानात काशाच्या पट्ट्यांची वाद्ये जोडीने बनतात. जोडीतल्या खालच्या सुराच्या वाद्याला पेंगुम्बांग म्हणतात, किंचित वरच्याला पेंगिसेप. एकाची पट्टी सेकंदाला 200 वेळा कंप पावत असेल आणि दुसऱ्याची 207 वेळा, तर दोन्ही एकदम वाजवल्यावर आवाज सेकंदाला 7 वेळा उसळतो आणि ओसरतो. भौतिकशास्त्रात यालाच विस्पंद म्हणतात.

यातून सप्तकाचा एक चमत्कारिक पेच उभा राहतो. लाटेचा वेग खालच्या आणि वरच्या सप्तकांत साधारण सारखाच असावा, अशी कारागिराची अपेक्षा असते. मग वरच्या सप्तकातली जोडी 400 आणि 407 अशी ठेवावी लागते. पेंगुम्बांगचे सप्तक इथे नेमके दुप्पट झाले; पण पेंगिसेपमध्ये 207 ची दुप्पट 414 होते आणि पट्टी मात्र 407 वरच थांबलेली असते. ती 414 वर नेली, तर लाटेचा वेग 14 होईल. दोन्ही वाद्यांत शुद्ध सप्तक आणि सर्वत्र एकच लाट, या दोन गोष्टी एकत्र साधणे गणितालाच मान्य नाही, त्यामुळे सप्तक थोडे ताणावे किंवा आखडावे लागते.

आपल्या कानाला हे खटकेल, कारण आपला कान तारेवर घडलेला आहे. तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर निघतात, आणि षड्ज-पंचमाचे 3:2 हे नाते त्यातूनच ऐकू येते. दोन्ही टोके मोकळी असलेल्या, सारख्या जाडीच्या पट्टीचे वरचे स्वर मात्र मूळ स्वराच्या सुमारे 2.76 आणि 5.40 पट असतात. त्यांत दुप्पट नाही आणि तिप्पटही नाही, त्यामुळे सप्तक थोडे हलले तरी तारेच्या वाद्यात बोचेल तितके ते इथे बोचत नाही.

स्वर लावण्याचे काम कानस आणि कान यांच्यावर चालते. पट्टी मधोमध खालून तासली की तिचा ताठपणा कमी होऊन स्वर उतरतो. टोकाशी तासली की वजन घटून स्वर चढतो. प्रत्येक मेळ स्वतःपुरता लावलेला असतो. एका मेळाची पट्टी दुसऱ्यात बसवली तर बहुधा बेसूर लागेल.

लंडनला 1882 मध्ये आलेल्या, बालीशेजारच्या जावा बेटावरच्या गामेलानाची मोजणी इंग्रज अभ्यासक अलेक्झांडर एलिस यांनी केली आणि सप्तकाचे 1200 भाग करणारी ‘सेंट’ ही मोजपट्टी 1885 मध्ये मांडली. स्लेंड्रो या पाच स्वरांच्या रचनेत दोन शेजारी स्वरांतले अंतर ढोबळमानाने 240 सेंट असते. अशी तीन अंतरे मिळून 720 सेंट होतात, तर आपला शुद्ध पंचम 702 वर असतो. दुसऱ्या, पेलोग रचनेत सात स्वर असून त्यांतली अंतरे असमान असतात. जगाची एकच ‘नैसर्गिक’ स्वरमाला नाही, हा एलिस यांचा निष्कर्ष अशाच मोजमापांतून आला.

वाद्याच्या वरच्या स्वरांची घडणच स्वरमाला ठरवते, असे अमेरिकन संशोधक विल्यम सेथारेस यांनी गणिताने मांडले आहे. कल्पना मोहक आहे, पण मला ती अपुरी वाटते. जावाच्या मेळात गायिका गातात आणि रबाब हे गजाने वाजवायचे तंतुवाद्यही असते. कंठ आणि गजाची तार या दोहोंचे वरचे स्वर दुप्पट-तिप्पटच असतात, आणि तरीही ती स्लेंड्रोत सहज रमतात.