पुष्याच्या शेजारचे म्हातारे तारे

मार्चमध्ये रात्री नऊ-दहाच्या सुमारास पुण्या-मुंबईच्या गच्चीवरून सरळ वर पाहिलं, तर जवळजवळ डोक्यावरच पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ असतो. शहराच्या उजेडात डोळ्यांना तो दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसतो.

नवा हौशी माणूस आधी तेजोमेघांच्या, म्हणजे वायू आणि धुळीच्या उजळ ढगांच्या, मागे लागतो. शहरात तो नाद परवडत नाही. तेजोमेघाचा उजेड पसरट, रस्त्यावरच्या दिव्यांनी आकाशात उधळलेला उजेडही पसरट. एकात दुसरा बुडून जातो. ताऱ्याचा उजेड मात्र मोजक्या पिक्सेलांवर एकवटतो आणि त्या करडेपणातून वर येतो.

पुष्याचा गुच्छ, म्हणजे मेसिएच्या यादीतला एम ४४, सुमारे दीड अंश पसरलेला आहे. पौर्णिमेचे तीन चंद्र शेजारी शेजारी ठेवावेत एवढा. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या आठ इंची दुर्बिणीला एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) कॅमेरा लावला तर तो चौकटीत मावतच नाही. त्याला ४०० मिलिमीटरची छोटी दुर्बीण बरी. मोठी दुर्बीण आठेक अंश दक्षिणेला वळवायची, एम ६७ या दुसऱ्या तारकागुच्छाकडे.

त्याआधी माउंटचा, म्हणजे ताऱ्यांच्या मागोमाग दुर्बीण फिरवणाऱ्या आधाराचा, अक्ष ध्रुवाशी जुळवायचा. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १८-१९ अंशांवर, म्हणजे बहुधा शेजारच्या इमारतीच्या टाकीमागे! मग एखादा तारा कुठे सरकतो ते पाहत अक्ष जुळवत बसायचं. डास चावतात ते वेगळंच.

फोटो वीस-तीस सेकंदांचेच घ्यावेत आणि असे शंभरेक फोटो संगणकावर एकावर एक रचावेत. लांब एक्स्पोजरचा मोह सगळ्यांनाच होतो. पण पिक्सेल ही उजेडाची बादली आहे. लाल, हिरवी, निळी अशा तिन्ही बादल्या काठोकाठ भरल्या की तारा पांढराफटक दिसतो. आणि रंग गेला की गुच्छाचं वय सांगणारी खूणच गेली.

गुच्छातले तारे एकाच मेघातून, जवळपास एकाच वेळी जन्मलेले असतात. वजनदार निळे तारे इंधन उधळतात आणि लवकर संपतात. कृत्तिका सुमारे १० कोटी वर्षांच्या, म्हणून अजून निळ्याशार. पुष्याचा गुच्छ ६०-७० कोटी वर्षांचा. त्यात काही नारिंगी राक्षसी तारे, म्हणजे म्हातारपणी फुगलेले तारे, दिसू लागतात. एम ६७ तर सुमारे ४०० कोटी वर्षांचा, जवळपास आपल्या सूर्याच्या वयाचा. तिथले निळे तारे केव्हाच संपायला हवे होते.

तरी त्याच्या फोटोत थोडे निळसर तारे सापडतात, त्यातला एक तर चांगलाच ठळक. ते तरुण नाहीत. जोडीदार ताऱ्याचं द्रव्य ओढून घेऊन, किंवा दोन तारे एकमेकांत मिसळून, त्यांना नव्याने इंधन मिळालं असावं. तीस सेकंदांऐवजी पाच मिनिटांचं एक्स्पोजर दिलं असतं, तर तेही बाकीच्यांसारखेच पांढरे उमटले असते.