फॉस्टर केअरसाठी अर्ज: कोण करू शकतं, कागद कोणते, पुढे काय होतं

बालगृहात राहणाऱ्या सहा वर्षांपुढच्या मुलांची अडचण साधी आहे: दत्तक घ्यायला येणाऱ्यांना बाळ हवं असतं. शिवाय अनेकांचे आई-वडील हयात असतात, पण सांभाळण्याच्या स्थितीत नसतात, त्यामुळे मूल कायद्याने दत्तक देता येत नाही. अशा मुलांना घर मिळावं म्हणून बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 44 मध्ये प्रतिपालकत्वाची, म्हणजे फॉस्टर केअरची तरतूद आहे.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. हे दत्तक नाही. मुलाचे जन्मदाते त्याला भेटायला येऊ शकतात आणि त्यांची परिस्थिती सुधारली तर मूल त्यांच्याकडे परतूही शकतं. हे पेलणार नसेल तर अर्ज न केलेलाच बरा, कारण पुन्हा एकदा घर सुटण्याचा त्रास त्या मुलालाच होतो.

2024 च्या मार्गदर्शक सूचनांनी पात्रता बरीच मोकळी केली. पूर्वी फक्त विवाहित जोडप्यांना संधी होती. आता अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटितही अर्ज करू शकतात. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी दोन्ही सांभाळू शकते, एकट्या पुरुषाला मात्र मुलगी दिली जात नाही. जोडप्याचा संसार किमान दोन वर्षांचा हवा आणि दोघांच्या वयाची बेरीज किमान 70. एकट्या अर्जदाराचं वय किमान 35. कमाल वयाचीही मर्यादा आहे आणि ती मुलाच्या वयानुसार बदलते.

अर्जाची नोंदणी सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होते. तरी आधी आपल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात एकदा समक्ष जाऊन या. तो जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत असतो. जाताना आधार, पॅन, रहिवासी पुरावा, उत्पन्नाचा पुरावा, लग्नाचं प्रमाणपत्र (किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा, जोडीदाराचा मृत्यू दाखला) आणि कुटुंबाचा फोटो जवळ ठेवा. वैद्यकीय तपासणीचे अहवाल आणि पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी लागते, तिला वेळ जातो, म्हणून ती आधी सुरू करा.

खरी परीक्षा कागदांची नसते, गृहभेटीची असते. समाजसेवक घरी येतात, मूल कुठे झोपेल ते बघतात, शाळा किती लांब आहे ते विचारतात आणि घरातल्या मुलांशीही बोलतात. तुमच्या मुलीला नव्या भावाबरोबर खोली वाटून घ्यायची नसेल, तर ते तिने त्याच दिवशी मोकळेपणाने सांगितलेलं चांगलं. नोकरदारांना हमखास विचारलं जातं, की शाळा सुटल्यावर तुम्ही घरी येईपर्यंत मूल कोणाकडे असेल? आजी, शेजारी, पाळणाघर, जे असेल ते नेमकं सांगा. केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्यांना मिळणारी 180 दिवसांची दत्तक रजा एक वर्षाखालच्या मुलासाठी असते, ती इथे लागू होत नाही. मला हे चुकीचं वाटतं. आठ वर्षांच्या मुलालाही नव्या घरात पहिले काही आठवडे कोणीतरी सोबत लागतंच. तोवर आपल्या खात्यात कोणती रजा शिल्लक आहे ते आधीच बघून ठेवा.

गृहभेटीच्या अहवालानंतर निर्णय बाल कल्याण समितीचा, म्हणजे अशा मुलांबाबत कायद्याने निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीचा. सख्खी भावंडं असतील तर त्यांना एकत्र ठेवण्याचा प्रयत्न होतो. मूल घरी आल्यावर समितीच्या वतीने दरमहा पाहणी होते. काही कमी आढळलं तर मूल काढून घेतलं जातं. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बाल संरक्षण योजनेतून खर्चासाठी दरमहा 4000 रुपये मिळतात. शाळेची फी, वह्या, दूध, दवाखाना यांचा हिशेब केला तर ही मदत आहे, उत्पन्न नव्हे. दोन वर्षं मूल तुमच्याकडे नीट राहिलं आणि पुढे ते कायद्याने दत्तकासाठी मोकळं झालं, तर त्याला दत्तक घेण्याचा अर्जही करता येतो.

भाचा, पुतणी किंवा नातू आधीपासूनच तुमच्याकडे असेल, तर बहुतेक वेळा हा रस्ता तुमचा नव्हे. महाराष्ट्रात त्यासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, तिची मदत 2023 पासून दरमहा 2250 रुपये झाली. अर्ज त्याच बाल संरक्षण कक्षात करायचा. पालकाचा मृत्यू दाखला, शाळेचं बोनाफाईड, तलाठ्याचा उत्पन्न दाखला, बँक पासबुक आणि घरासमोर मुलासोबत काढलेला फोटो लागतो. आई किंवा वडील यांपैकी एकच हयात असेल तरी या योजनेत अर्ज करता येतो.