तणातले जनुक, सांबा मसुरीचा दाणा

मालीतील ओरायझा लाँजिस्टॅमिनाटा हा रानटी भात शेतकऱ्याच्या दृष्टीने तणच. जमिनीखालच्या खोडांनी तो पसरत राहतो आणि त्याचे दाणे पिकताच झडून जातात. मात्र पाने कडेपासून वाळवत नेणाऱ्या जिवाणूजन्य करप्याला तो दाद देत नाही, हे १९७०च्या दशकात कटकच्या केंद्रीय तांदूळ संशोधन संस्थेत ध्यानात आले. हा गुण लागवडीच्या भातात उतरवण्यास फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेला दहाहून अधिक वर्षे लागली, कारण हव्या त्या जनुकाबरोबर शेजारची नकोशी जनुकेही येतात आणि ती पुनःपुन्हा संकर करून गाळावी लागतात. अकराव्या गुणसूत्रावरील हे जनुक, म्हणजे एक्सए २१, कॅलिफोर्निया विद्यापीठातील पामेला रोनाल्ड यांच्या गटाने १९९५ मध्ये वेगळे काढले.

जनुकाचा ठावठिकाणा माहीत असण्याचा फायदा हैदराबादच्या कामात स्पष्ट दिसतो. बारीक दाण्याची सांबा मसुरी ही भाताची जात चवीला नावाजलेली, पण करप्यापुढे तिचे काही चालत नसे. तिच्यात एक्सए २१ आणि लागवडीच्याच वाणांतील एक्सए ५ व एक्सए १३ अशी तीन जनुके आणायची होती. रोगाच्या नेहमीच्या चाचणीत जिवाणूंच्या द्रावणात बुडवलेल्या कात्रीने पानांचे शेंडे कापतात आणि साधारण दोन आठवड्यांनी करपलेला भाग मोजतात. येथे ती अपुरी पडते. एक्सए २१ एकटेच रोग रोखत असल्याने उरलेली दोन झाडात आहेत की नाहीत, हे पान पाहून कळत नाही. शिवाय ती दोन्ही अप्रभावी जनुके असल्यामुळे त्यांची एकच प्रत मिळालेल्या झाडात त्यांचा गुण उघड होत नाही. डीएनएवरील खुणा, म्हणजे मार्कर, तपासले तर रोपाच्या पानाच्या तुकड्यातूनच उत्तर मिळते आणि नेमकी तीच रोपे पुढच्या संकरासाठी राखता येतात. पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र (सीसीएमबी) आणि तेव्हाचे भात संशोधन संचालनालय यांनी असा सिद्ध केलेला वाण २००८ मध्ये प्रसारित झाला. एकावर न विसंबता तीन जनुके घालण्याचा खटाटोप मला रास्त वाटतो, कारण कोवळ्या रोपात एक्सए २१ फारसे परिणामकारक नसते आणि जिवाणूही बदलत राहतो.

रोगप्रतिकार किमान मूळ रानटी झाडावर डोळ्यांना दिसतो. उत्पादनाचे तसे नाही. मलेशियातील ओरायझा रुफिपोगॉन हा अगदी तुटपुंजे उत्पादन देणारा भात, पण त्याच्या पहिल्या व दुसऱ्या गुणसूत्रावरील एकेक तुकडा चिनी संकरित वाणाचे उत्पादन १७-१८ टक्क्यांनी वाढवतो, असे १९९६ मध्ये मार्करच्या साहाय्याने आढळले. नुसत्या लोंब्या पाहून हे झाड कोणी निवडले नसते.