शेजारच्या देशांत मांस निर्यात : मुक्त व्यापार कराराची शुल्कसवलत मिळवण्यासाठी काय लागते

मुक्त व्यापार करार झाला म्हणजे आपले मांस पलीकडे विकायला मोकळे, असे नव्या निर्यातदारांना वाटते. करार फक्त आयात शुल्क कमी करतो. माल घ्यायचा की नाही, हे तिथले पशुवैद्यकीय खाते ठरवते. आसियान (आग्नेय आशियाई देशांचा गट) देशांशी आपला वस्तू व्यापार करार २०१० मध्ये लागू झाला, पण इंडोनेशियाने आपले म्हशीचे मांस घ्यायला सुरुवात केली ती २०१६ मध्ये, लाळ्या खुरकूत या जनावरांच्या साथरोगाविषयीचे स्वतःचे नियम बदलल्यावर. म्हणून आधी आरोग्यविषयक परवानगी बघा, शुल्क नंतर.

काय पाठवता येते?
गाय, बैल आणि वासराच्या मांसाच्या निर्यातीवर देशभर बंदी आहे. म्हशी-रेड्याचे फक्त बोनलेस मांस चालते, हाडासकट नाही. शेळी-मेंढीच्या मांसाला बोनलेसची अट नाही. म्हशीचे जनावर दुभते किंवा पैदाशीचे नव्हते, असा सरकारी पशुवैद्यकाचा दाखला लागतो.

सुरुवातीची कागदपत्रे
पॅनवर आधारित आयईसी (आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक) डीजीएफटीच्या, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, पोर्टलवर मिळतो. शुल्क ५०० रुपये. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अद्ययावत करावा लागतो, नाहीतर बंद पडतो. त्यानंतर अपेडाचे (शेतमाल व प्रक्रिया केलेल्या अन्नाच्या निर्यातीची सरकारी संस्था) नोंदणी-सदस्यत्व प्रमाणपत्र आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरण) परवाना. माल अपेडाकडे नोंदलेल्या प्लांटमधूनच निघायला हवा. आखाती देश, मलेशिया, इंडोनेशिया, बांगलादेश यांसह १५ देशांना ‘हलाल’ म्हणून माल पाठवायचा असेल, तर १६ ऑक्टोबर २०२४ पासून भारतीय गुणवत्ता परिषदेच्या योजनेखाली मान्य संस्थेचे प्रमाणपत्र बंधनकारक आहे. प्रत्येक खेपेसोबत आरोग्य प्रमाणपत्र वेगळे. काही देश आपले पथक पाठवून प्लांट स्वतः तपासतात, तेव्हा खरेदीदाराशी सौदा पक्का करण्याआधी तुमचा प्लांट त्यांच्या यादीत आहे का, ते विचारा.

सवलतीचा खरा कागद
तो म्हणजे सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, माल भारतातलाच आहे असा दाखला. हा नसेल तर कितीही चांगला करार असला तरी खरेदीदाराला पूर्ण शुल्क पडते, आणि पुढच्या सौद्यात ते तुमच्याच भावातून कापले जाते. आधी त्या देशाचे साधे, म्हणजे कराराशिवाय लागणारे, शुल्क बघा. तेच शून्य असेल तर या कागदाने काहीच वाचणार नाही. दाखला त्या-त्या देशाच्या कराराखाली काढायचा: अमिरातीसाठी १ मे २०२२ पासूनचा करार, श्रीलंकेसाठी २००० पासूनचा, मलेशिया-व्हिएतनामसाठी आसियानचा. दाखल्याचा नमुना प्रत्येकाचा वेगळा. चुकीच्या नमुन्यावरचा दाखला तिकडे कोणी मानत नाही.

अर्ज डीजीएफटीच्या पोर्टलवर, डिजिटल सही करून करायचा. सोबत बीजक, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (सीमाशुल्काकडे भरायचा निर्यातीचा कागद) आणि मालाच्या उगमाविषयीचे घोषणापत्र. मांसासाठी मुख्य कसोटी अशी की जनावर भारतातच जन्मलेले आणि वाढलेले असावे. त्यामुळे जनावरे कुठून आली याच्या नोंदी प्लांटकडे असल्याच पाहिजेत. आयात करणाऱ्या देशाकडून दाखल्याची पडताळणी आली की त्याच मागतात.

बहुतेक अडचणी किरकोळ विसंगतीतून येतात. बीजकावर ‘फ्रोझन बोनलेस बफेलो मीट’, दाखल्यावर नुसते ‘मीट’; किंवा गोठवलेल्या बोनलेस मांसाच्या ०२०२.३० या सीमाशुल्क संकेतांकाऐवजी दुसराच. किंवा खोक्यांची संख्या पॅकिंग लिस्टशी न जुळणारी. न्हावा शेवाहून कंटेनर निघण्याआधी हे सगळे कागद शेजारी ठेवून एकेक ओळ वाचा. एजंटावर सोडू नका, नुकसान त्याचे होत नाही. उणे १८ अंशांवरचा माल परक्या बंदरात अडकला की विजेचे आणि जागेचे भाडे रोज चढते.

कंटेनर कोलंबो किंवा सिंगापूरमार्गे जाणार असेल तर बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) थेट शेवटच्या बंदरापर्यंतचे घ्या. वाटेत माल त्या देशाच्या बाजारात उतरला तर सवलत जाते.

दाखला काढायचा राहून गेला तर आसियान करारात जहाज सुटल्यापासून १२ महिन्यांच्या आत तो मागाहून काढता येतो. त्यावर तसा शेरा असतो. खरेदीदाराने भरलेले शुल्क परत मिळेल का, हे मात्र त्याच्या देशाच्या सीमाशुल्क नियमांवर आहे. ते त्यालाच विचारून घ्या.