मांगरातली जुनी बाईक घेताय? किक मारण्याआधी आरसी बघा

गणपतीला गावी गेलं की कुणाच्या ना कुणाच्या मांगरात (घराबाहेरच्या खोपीत) झापांखाली झाकलेली एखादी स्प्लेंडर नाहीतर सीडी हंड्रेड दिसतेच. मालक म्हणतो, "पाच हजार द्या नि घेऊन जा." आपण लगेच वाकून पेट्रोलची टाकी बघतो, किक मारतो. इंजिन बहुतेक वेळा सुरू होतं. अडतं ते कागदावर, म्हणून आधी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, मागा.

आरसीवर ज्याचं नाव, तोच विकू शकतो. विकणारा माणूस आणि आरसीवरचा माणूस वेगळा असेल तर पैसे देऊ नका. आपल्याकडे नेहमीचं प्रकरण असं: गाडी काकांच्या नावावर, काका वारलेले, मुलं मुंबईला. अशा वेळी गाडी आधी वारसाच्या नावावर व्हावी लागते. त्यासाठी फॉर्म 31, मृत्यूचा दाखला, आणि बाकीच्या वारसांची हरकत नाही असं प्रतिज्ञापत्र. मग वारस तुम्हाला विकणार. हे सगळे भाऊ एका घरात एकत्र सापडतात ते गणपतीत नाहीतर शिमग्यात, तेव्हाच सह्या घेऊन ठेवा.

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची मुदत, विमा, पीयूसी (धूर तपासणीचा दाखला) आणि कर्जाचा बोजा कळतो. बोजा दिसत असेल तर बँकेचं किंवा पतसंस्थेचं ना हरकत पत्र आणि त्यांनी सही केलेला फॉर्म 35 लागतो. कर्ज दहा वर्षांपूर्वी फिटलेलं असलं तरी नोंद आपोआप जात नाही. ई-चलन थकलं आहे का तेही बघा. आरसी जुन्या पुस्तकाची असेल आणि ॲपवर गाडीच सापडत नसेल तर आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून, घ्यावी लागते, बाकीचे अर्ज त्यानंतर. नोंदणी रद्द झालेली दिसली तर तो नाद सोडा.

आता खर्चाचं बोलू. खाजगी दुचाकीची नोंदणी पहिल्यांदा 15 वर्षांची असते, पुढे दर वेळी 5 वर्षांनी नूतनीकरण. 15 वर्षांवरच्या दुचाकीला नूतनीकरणाचं शुल्क 1000 रुपये आहे, 20 वर्षं ओलांडली असतील तर 2000. शिवाय पर्यावरण कर. पण जास्त जड पडतो तो उशिराचा दंड: दर महिन्याला 300 रुपये. मुदत संपून दोन वर्षं झाली असतील तर 7200 होतात, म्हणजे गाडीपेक्षा दंड मोठा. किंमत ठरवताना हा आकडा मालकापुढे मोकळेपणाने मांडा. त्यालाही बहुधा ठाऊक नसतो. (15 वर्षं झाली की गाडी भंगारातच जाते, असं अजून अनेकांना वाटतं. तो निर्बंध दिल्ली परिसरातला आहे, आपल्याकडे नाही.)

चासी नंबरावर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरावर, मात्र वेळ घालवा. राजापूर तालुक्यात भाच्यासाठी गाडी बघताना हँडलखालच्या मानेवर नंबराच्या जागी नुसतं तांबूस खवलं होतं. खारं वारं आणि चार पावसाळे. तिथे पॉलिश पेपर घासू नका. अंक झिजले तर छेडछाड केल्याचा संशय येतो आणि गाडी तिथेच अडकते. आम्ही रॉकेलचा बोळा रात्रभर बांधून ठेवला, सकाळी जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासलं, वर खडू फिरवला, आणि अंक पांढरे उठून आले. मग कागद धरून पेन्सिलने छाप घेतला. हाच छाप अर्जाला लागतो. आरसीवरच्या चासी आणि इंजिन नंबराशी एकेक अंक जुळवा. एखाद्याने मध्येच इंजिन बदललेलं असतं आणि नोंद केलेली नसते.

इथवर जुळलं तरच गॅरेजवाल्याला बोलवा. पेट्रोल काढून टाका, टाकी धुवा, कार्बोरेटर खोलून जेट साफ करा. किक जाम असेल तर जोर लावू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा आणि दोन दिवस थांबा. टायरला चिरा असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, बदला. ब्रेक, हॉर्न, हेडलाइट, मागचा दिवा, इंडिकेटर, आरसे चालू हवेत, कारण नूतनीकरणाआधी आरटीओचे निरीक्षक तेच तपासतात.

अर्ज परिवहनच्या वाहन पोर्टलवर होतो. मुदत संपलेल्या आरसीवर नुसतं नाव बदलून भागत नाही, नूतनीकरणही करावं लागतं. नावासाठी फॉर्म 29 च्या दोन प्रती आणि फॉर्म 30, नूतनीकरणासाठी फॉर्म 25. सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, दोघांची ओळखपत्रं, तुमचा पत्त्याचा पुरावा, छाप. आरसी हरवली असेल तर पोलिसांचा दाखला आणि फॉर्म 26. ओटीपी मालकाच्या नोंदलेल्या मोबाइलवर जातो, म्हणून चाकरमानी परतायच्या आत अर्ज भरून टाका. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेटही हवी, तिच्याशिवाय आरटीओतली कामं अडतात.

राज्यातल्या राज्यात ठाण्याची एमएच-04 ची गाडी सिंधुदुर्गात आली तरी नंबर तोच राहतो. सावंतवाडी-दोडामार्गाकडे जीए नंबरच्या गाड्या स्वस्तात मिळतात, तिथे सावध राहा: गोव्याच्या आरटीओचं ना हरकत पत्र (फॉर्म 28), इथला कर आणि नवीन एमएच-07 नंबर, असा सगळा प्रवास करावा लागतो.

तपासणीला गाडी चालवत नेऊ नका. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर आणणंच बेकायदा आहे, आणि वाटेत कुणाला लागलं तर फार महागात पडेल. टेम्पोत घालून न्या. तालुक्याला आरटीओचा कॅम्प असतो, तिथे तपासणी होते का ते आधी विचारून घ्या, म्हणजे ओरोस किंवा रत्नागिरीपर्यंतचं भाडं वाचेल.

नाव बदललं की 14 दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवून पॉलिसीही आपल्या नावावर करून घ्या. आणि विकणाऱ्यालाही सांगा: फॉर्म 29 ची एक प्रत त्याने जपून ठेवायची, कारण नोंद होईपर्यंत कागदावर मालक तोच असतो.