मोटार अपघात नुकसानभरपाई

मोटार अपघात नुकसानभरपाई : मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्याला, किंवा तो दगावल्यास त्याच्या वारसांना, वाहनाचा चालक, मालक आणि विमा कंपनी यांच्याकडून कायद्याने मिळणारी रक्कम. भारतात ती मोटार वाहन अधिनियम, १९८८ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवते. कोर्टाच्या आवारात मात्र भरपाई हा शब्द फारसा ऐकू येत नाही. तिथे ‘क्लेम’ टाकतात, तो ‘एमएसीटी’त, म्हणजे याच न्यायाधिकरणात, चालतो आणि त्याचा निवाडा होतो. २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघातांची नोंद झाली व त्यांत १,६८,४९१ माणसे गेली. महाराष्ट्रातील मृतांचा आकडा १५,२२४ होता. यांतल्या बहुतेक घरांचा न्यायालयाशी पहिला संबंध या क्लेमच्या निमित्तानेच येतो.

पूर्वपीठिका : १८५५च्या प्राणघातक अपघात कायद्याने मृताच्या पती, पत्नी, आईवडील व मुलांना भरपाई मागण्याचा हक्क दिला. त्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागे आणि मागणीच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागे, म्हणजे कमावता माणूस गेलेल्या घराने आधी पैसे उभे करायचे. १९३९च्या मोटार वाहन कायद्यातील सक्तीच्या विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झाले. आज ज्याला आपण ‘थर्ड पार्टी’ म्हणतो तो विमा तेव्हापासूनचा. १९५६च्या दुरुस्तीने स्वतंत्र न्यायाधिकरणे आली. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी जिल्हा न्यायाधीशच न्यायाधिकरणाचे सदस्य म्हणून हे दावे चालवतात.

१९३९च्या त्या जुन्या कायद्यात विमा कंपनीच्या जबाबदारीला कमाल मर्यादा होती. ट्रकसारख्या मालवाहू वाहनासाठी एके काळी ती एका अपघातामागे फक्त २०,००० रुपये होती. एकाच धडकेत चार माणसे सापडली तर ही रक्कम चौघांत वाटायची का? १९८१ मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी एका निकालात याचे उत्तर दिले : अपघात शब्दाकडे बळी पडलेल्याच्या बाजूने पाहायचे, जितकी माणसे तितके अपघात. मर्यादा तशीच राहिली, पण ती प्रत्येक माणसामागे स्वतंत्र झाली. १९८८च्या कायद्याने मृत्यू व इजेपुरती ही मर्यादा काढून टाकली आणि जेवढी भरपाई ठरेल तेवढी कंपनीने द्यावी, असे ठरले. तिऱ्हाइताच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी मात्र ६,००० रुपयांची मर्यादा ठेवली, म्हणजे तेव्हा टपरी उडाली तर टपरीवाल्याला सक्तीच्या विम्यातून तेवढेच.

चूक कोणाची, हा दुसरा प्रश्न. चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय मालक व कंपनी यांना जबाबदार धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटले. पळून गेलेल्या ट्रकच्या चालकाची चूक विधवेने कशी सिद्ध करायची? १९८२च्या दुरुस्तीने यावर पहिला उतारा काढला : चूक कोणाचीही असो, मृत्यूसाठी १५,००० व कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये. १९९४ मध्ये हे आकडे ५०,००० व २५,००० झाले. त्याच दुरुस्तीने वार्षिक ४०,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी चूक सिद्ध न करता भरपाई देणारा तक्ता आणला आणि अर्जाची मुदतही काढून टाकली.

हिशेबाची रीत : माणसाच्या जिवाची किंमत काढता येत नाही, असे जवळजवळ प्रत्येक निवाड्यात लिहिलेले असते आणि पुढच्याच परिच्छेदात ती काढलेली असते. न्यायालय प्रत्यक्षात मोजते ते घरात येणारे आणि आता बंद झालेले पैसे. २००९चा ‘सरला वर्मा’ आणि ३१ ऑक्टोबर २०१७ चा ‘प्रणय सेठी’ हे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल या गणिताचा पाढा आहेत.

समजा, ३४ वर्षांचा एक गवंडी दुचाकीवरून जाताना डंपरखाली गेला. मागे बायको, दोन मुले आणि आई. महिन्याची कमाई १५,००० रुपये, म्हणजे वर्षाची १,८०,०००. पुढे त्याची मजुरी वाढलीच असती म्हणून, चाळिशीच्या आतल्या स्वतंत्र कामगाराला लागू असलेले ४० टक्के त्यात मिळवायचे : २,५२,०००. तो स्वतःच्या जेवणाखाण्यावर, कपड्यालत्त्यावर, विडीकाडीवर खर्च करत असणार. अवलंबून असलेली माणसे चार ते सहा असली तर त्यासाठी एक-चतुर्थांश वजा होतो. उरले १,८९,०००. वय ३१ ते ३५ मधले, म्हणून गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचे तो आकडा, १६. गुणाकार ३०,२४,००० रुपये. वर अंत्यसंस्काराचे १५,०००, तो मागे ठेवून गेला असता त्या मालमत्तेच्या हानीचे १५,००० आणि सहवास गमावल्याबद्दल ४०,०००. हे २०१७चे आकडे असून दर तीन वर्षांनी ते १० टक्क्यांनी वाढतात. सहवासाची रक्कम पूर्वी केवळ पती किंवा पत्नीला मिळे. २०१८ पासून मुलांना व आईवडिलांनाही मिळते.

वयानुसार गुणक उतरत जातो : १५ ते २५ वयासाठी १८, पंचेचाळिशीपर्यंत १४, साठीपर्यंत ९, पासष्टीनंतर ५. मृत अविवाहित असेल तर वजावट निम्मी, कारण त्याने आईवडिलांना निम्मेच दिले असते असे गृहीत धरले जाते. शिकायला बाहेर पडलेल्या धाकट्यांची फी भरणाऱ्या थोरल्या मुलांची घरे पाहिलेल्या कोणालाही हे गृहीतक पटणे अवघड आहे. तरी मृतावर अवलंबून असलेली विधवा आई व लहान भावंडे दाखवता आली तर वजावट एक-तृतीयांशावर आणता येते.

मिळणाऱ्या रकमेतून काय कापायचे यावरही बरेच वाद झाले. मृताच्या आयुर्विम्याचे पैसे भरपाईतून वजा होणार नाहीत, हे १९९८ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाविरुद्धच्या एका अपिलात ठरले. जखमीला मेडिक्लेममधून मिळालेली रक्कमही कापायची नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला.

पुराव्याची अडचण : वरच्या हिशेबातला खरा कच्चा दुवा गुणक नसून पहिलाच आकडा आहे. गवंड्याच्या १५,००० रुपयांना कागद कुठला? ठेकेदार साक्षीला येत नाही, हजेरीची वही सापडत नाही. अशा वेळी न्यायाधिकरण अंदाजाने ‘काल्पनिक उत्पन्न’ धरते. ते महिन्याला ८,००० धरले, तर त्याच घराच्या हाती ३०,२४,००० ऐवजी १६,१२,८०० रुपये येतात. पगारपत्रक आणि आयकर विवरणपत्र असलेल्या घराला हा प्रश्न कधी पडत नाही. शेतकऱ्याच्या वारसांना तर वेगळाच युक्तिवाद ऐकावा लागतो : सातबारा आहे तसाच आहे, जमीन मेलेली नाही, मग नुकसान कसले? न्यायालये तेव्हा शेती बघणाऱ्या माणसाच्या देखरेखीची किंमत धरतात, आणि ती साहजिकच उत्पन्नापेक्षा कमी असते.

ऊसतोडीच्या मजुरांत नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ होतो. उचल कोयत्याची, हिशेब कोयत्याचा, आणि मुकादमाच्या वहीत बहुधा नाव नवऱ्याचे. फडावरून परतताना ट्रॅक्टरच्या अपघातात बायको गेली तर तिची कमाई किती होती हे दाखवणारा कागदच नसतो. घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत कायद्याने बरीच वाट तुडवली आहे. १९९४च्या तक्त्यात कमाई नसलेल्या पत्नीचे उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक-तृतीयांश धरलेले होते. २०२१च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाला स्वतःचे आर्थिक मोल आहे आणि त्यावर भविष्यातील वाढही धरली पाहिजे, असे स्पष्ट केले.

जखमींचे दावे मृत्यूच्या दाव्यांहून किचकट. डॉक्टरांच्या दाखल्यावर ४० टक्के अपंगत्व लिहिलेले असते, पण पाय गेलेल्या ड्रायव्हरची कमाई ४० टक्क्यांनी कमी होत नाही, ती थांबते. दाखल्यावरची टक्केवारी आणि कमाईची टक्केवारी वेगवेगळी मोजायची, हे तत्त्व २०१० पासून पक्के आहे. अंथरुणाला खिळलेल्याची शुश्रूषा घरचीच माणसे करतात. तिचेही पैसे २०२० मध्ये एका १२ वर्षांच्या मुलीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने गुणक लावून दिले.

२०१९ची दुरुस्ती : विमा कंपन्यांची तक्रार जुनी आहे की थर्ड पार्टीचा हप्ता सरकारी दराने ठरतो आणि जबाबदारी मात्र अमर्याद. अमेरिकेत याच तक्रारीतून ‘टॉर्ट रिफॉर्म’ (भरपाईच्या कायद्यात सुधारणा) नावाची चळवळ उभी राहिली आणि अनेक राज्यांनी भरपाईवर कमाल मर्यादा घातल्या. मिशिगन राज्यात १९७३ पासून अपघातातील जखमींना विम्यातून आजन्म अमर्याद उपचार मिळत. तिथल्या २०१९च्या कायद्याने ते आवळले. घरच्या माणसाने केलेल्या शुश्रूषेचे आठवड्याला ५६ तासांपलीकडचे पैसे विमा कंपनीवर बंधनकारक राहिले नाहीत. कायद्याआधी जखमी झालेल्यांना ही कपात लागू नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले, पण तोवर चार वर्षे गेली होती.

भारतातही तसे घडता घडता राहिले. २०१६च्या दुरुस्ती विधेयकात कंपनीची जबाबदारी मृत्यूसाठी १० लाख आणि गंभीर इजेसाठी ५ लाख रुपयांपुरती मर्यादित होती. वरच्या गवंड्याच्या घराला १० लाख कंपनीकडून मिळाले असते आणि उरलेल्या वीस लाखांसाठी डंपरमालकाच्या मागे लागावे लागले असते. ही १९३९च्या कायद्याकडे परतण्याची वाट होती. पुढे ती तरतूद गळाली आणि २०१९मध्ये संमत झालेल्या कायद्यात मर्यादा नाही.

तोच कायदा कुटुंबांना काही देऊन काही काढून घेतो. चूक न पाहता मृत्यूसाठी ५ लाख व गंभीर इजेसाठी अडीच लाख घेण्याची सोय झाली. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर मृत्यूसाठी पूर्वी मिळणारे २५,००० आता २ लाख झाले. पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो व तो अहवाल अर्ज म्हणूनही धरता येतो. पण १९९४ मध्ये काढलेली मुदत परत आली : अपघातापासून सहा महिने, १ एप्रिल २०२२ पासून. उशीर माफ करण्याची तरतूदही ठेवलेली नाही. तेराव्यापासून वर्षश्राद्धापर्यंत जे घर दवाखान्याची बिले आणि सावकार यांच्यात अडकलेले असते, त्याला सहा महिने म्हणजे काहीच नाही. या मुदतीला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि मुदत उलटली एवढ्याच कारणावरून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाला.

विमा असून नसल्यासारखा : कंपनीच्या कैफियतीत ठरलेले आक्षेप असतात. चालकाचा परवाना नव्हता, परमिट नव्हते, पॉलिसी संपली होती. अटींचा भंग झाला असला तरी अनेकदा न्यायालय कंपनीला आधी वारसांना पैसे द्यायला लावते आणि नंतर ते मालकाकडून वसूल करायची मुभा देते. सर्वांत घातक आक्षेप ट्रॅक्टर-ट्रॉलीचा. वऱ्हाडाने, देवदर्शनाने भरलेली ट्रॉली उलटली की दहा-दहा घरांत आक्रोश होतो, पण शेतीकामासाठी विमा उतरवलेल्या वाहनात बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी कंपनी नाकारते, आणि पॉलिसीच्या शब्दांवर तिचे बहुधा बरोबर ठरते. मग निवाडा ट्रॅक्टरमालकाविरुद्ध होतो. तो सहसा त्याच गावचा, कधी भावकीतलाच असतो. एसटीची गोष्ट उलटी : राज्य परिवहन उपक्रमांना विम्यातून सूट मिळू शकते, त्यामुळे तिथे दावा थेट महामंडळाशी असतो.

दावा कोठे लावायचा याची निवड १९९४ पासून अर्जदाराकडे आहे. अपघात कर्नाटकात झाला तरी बीडचे कुटुंब बीडलाच अर्ज करू शकते. निवाड्यावरचे अपील महाराष्ट्र व गोव्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जाते; रक्कम १ लाखाच्या आत असेल तर अपील नाही. तडजोडीची प्रकरणे लोकअदालतीत मिटतात. तिथे पैसे लवकर मिळतात आणि कमी मिळतात, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. अमेरिकेप्रमाणे निकालातल्या रकमेचा हिस्सा फी म्हणून ठरवणे भारतात वकिलाला नियमाने मना आहे. तरीही सरकारी दवाखान्याच्या शवागाराबाहेर वकीलपत्रावर सही घ्यायला उभे असलेले एजंट ‘टक्क्यांवर’च बोलतात.

वाटप : निवाड्यानंतर घरातले वाद सुरू होतात. सून आणि सासू या एकाच अर्जात शेजारी-शेजारी अर्जदार असतात आणि पैशांच्या वेळी वेगळ्या वकिलांकडे जातात. कोणाला किती हे न्यायाधिकरण ठरवते. विधवेने पुन्हा लग्न केले म्हणून तिचा हक्क जात नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. त्या प्रकरणात अपघाताच्या वेळी तिचे वय १९ होते. अज्ञान मुलांचा वाटा ते सज्ञान होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत राहतो आणि विधवेच्या वाट्यापैकीही काही भाग बहुतेक वेळा ठेवीत जातो. मधल्या काळात मुलीची फी भरायची असो वा घरावर पत्रे टाकायचे असोत, ठेव मोडण्यासाठी न्यायाधिकरणाकडे नवा अर्ज करावा लागतो आणि त्याला खर्चाचे अंदाजपत्रक जोडावे लागते.