धामापूर तलाव

धामापूर तलाव : सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यात, मालवण–कुडाळ मार्गालगत डोंगरांच्या बेचक्यात असलेला जुना मानवनिर्मित तलाव. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी तो 1530 मध्ये बांधला, असे मानले जाते. दोन डोंगरांमधली मोकळी जागा मातीच्या बांधाने बंद करून ओढ्यांचे आणि पावसाचे पाणी अडवले. बांधाची लांबी सुमारे 271 मीटर आणि उंची सुमारे 11 मीटर आहे.

धो-धो पाऊस पडणाऱ्या मुलखात तळे कशाला, असा प्रश्न घाटावरच्या माणसाला हमखास पडतो. उत्तर जांभ्यात आहे. सच्छिद्र जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, उतार तीव्र, आणि जवळून वाहणाऱ्या कर्ली नदीत मुखाकडे भरतीचे खारे पाणी शिरते. आषाढात पूर आणि चैत्रात कळशीभर पाण्यासाठी पायपीट, ही कोकणातली जुनी रडकथा. म्हणून गोडे पाणी खाडीला मिळण्याआधी, डोंगरातच अडवणे शहाणपणाचे.

पहिला उपयोग शेतीचा. बांधातून सुटलेले पाणी पाटाने खालच्या शेतांत जाई आणि त्यावर पावसाळी भातानंतर वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, पिके. कुणग्याची मेर, म्हणजे भातखाचराचा बांध, खोऱ्याने फोडायची, पाणी बोटभर चढले की चिखलाचा गोळा लावून बुजवायची आणि पुढच्याला हाक मारायची. ही पाळी सांभाळणे हाच खरा तलावाचा कारभार होता. नुसता बांध कोणीही घातला असता, पण पाच शतके पाणी वाटून घेणे हे अधिक अवघड काम. माड-पोफळीच्या बागाही याच ओलाव्यावर वाढल्या.

बांधाजवळ भगवती देवीचे मंदिर आहे. तिथून पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. श्रावणात त्यातल्या बऱ्याच बुडालेल्या असतात, वैशाखात एकेक उघडी पडत जाते. पाणी किती उरले ते सांगायला गावाला वेगळी मोजपट्टी लागत नाही. तलावाविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे : लग्नासाठी दागिने हवे असतील तर फुलांची परडी पाण्यात सोडायची, ती दागिन्यांनी भरून वर येई, कार्य उरकले की ते परत करायचे. एकाने परत केले नाहीत, तेव्हापासून परडी रिकामीच राहिली. भांडी देणाऱ्या तळ्यांच्या अशाच कथा महाराष्ट्रात ठिकठिकाणी आढळतात. पाणी ही उसनवार घेतलेली वस्तू आहे, ही समज अशा कथांमागे असावी.

विसाव्या शतकात कोकणातली माणसे मुंबईकडे गेली, मजूर मिळेना, आणि अनेक गावांप्रमाणे इथल्या परिसरातही वायंगणाचा आग्रह सैल होत गेला. कालांतराने तलावाला नवे मागणीदार मिळाले. मालवण शहराला नळाने पाणी येथून पोचू लागले. पुढे पर्यटक आले, नौकाविहार सुरू झाला. पाणथळ जागा म्हणूनही या तलावाचे महत्त्व आहे. भोवतीची झाडी, पाणपक्षी आणि मासे यांचा तो आसरा आहे. म्हणूनच तलावात उभारलेल्या स्कायवॉकला स्थानिकांनी विरोध केला आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले.

2020 मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने धामापूर तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जा दिला. महाराष्ट्राला असा मान प्रथमच मिळाला; त्याच वर्षी आंध्र प्रदेशातील तीन स्थळेही निवडली गेली. गौरव सिंचनाचा झाला, हे योग्यच. मात्र वापराचे वेळापत्रक मधल्या काळात पार बदलले आहे. वायंगणाला पाणी लागे ते साधारण पौषापासून फाल्गुनापर्यंत, नंतर तलावाला उसंत मिळे. शहराचे नळ बारा महिने चालतात, आणि पर्यटकांची गर्दी मे महिन्यातही होते, जेव्हा भगवतीच्या पायऱ्या सर्वांत जास्त उघड्या असतात.